मांडीवरची गिटार

सातवी ‘ब’च्या पन्नासेक मुली एकीने छेडलेल्या तंबोऱ्याच्या साथीने एकमुखाने बेसूर गात होत्या आणि सुमती खिडकीच्या गजांना टेकून कपाळावरचा घाम पुसत होती. १९७८चा सप्टेंबर संपत आला होता. पाऊस पडायचा तेवढा पडून गेला होता. आता तो उगाच दुपारी चार थेंब टाकायचा आणि वर्धेतली सगळी वाफ आणून वर्गात कोंडायचा. पंखा सकाळपासून बंद होता. शाळेचं मीटर जळलं होतं, आणि वीज मंडळाचा वायरमन नेमका तिच्याच वर्गात शिडी लावून भिंतीवरची जुनी वायर बदलत होता.

“तुमचं चालू द्या,” असं मुख्याध्यापिका सांगून गेल्या होत्या. चालूच होतं. सात वर्षं चालू होतं.

सात वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा सुमती चोवीस वर्षांची होती. धाकटा माधव शाळेत होता, आई विमलाबाई गुडघ्यांनी बेजार. तेव्हापासून सकाळी दोन शिकवण्या, मग शाळा, संध्याकाळी तीन शिकवण्या, आणि अंधार पडता पडता सिंदी मेघेच्या दोन खोल्यांच्या घरी परत. माधव आता नागपूरला इंजिनिअरिंगला होता. सगळं ठीक चाललं होतं. फक्त या सगळ्यात सुमतीचा गळा गेला होता. वर्गावर ओरडून ओरडून आवाजाला एक चीर पडली, ती बुजलीच नाही. डॉक्टर म्हणाले होते, “गाणं बंद. बोलणंही कमी करा.” गाण्याच्या बाईंना असं सांगणारा डॉक्टर... तिला त्याचाही राग आला नव्हता. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

“बाई... जोडातली एक तार उतरली.”

आवाज वरून आला होता. मुली गायच्या थांबल्या.

“काय?” सुमतीने मान वर केली.

शिडीच्या वरच्या पायरीवर बसलेल्या त्या माणसाने तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला. “तंबोऱ्याची म्हनतो मी. मधल्या दोन तारा सारख्या लागाले पायजेत न? त्यातली एक जराशी उतरली. मले वरतून ऐकू येऊन राह्यलं म्हून म्हटलं. चालू द्या तुमचं.”

मुली खुदकन हसल्या. सुमतीने तार छेडून पाहिली. उतरलीच होती. तिने खुंटी पिळली, आणि तो खरं बोलत होता याचाच तिला जास्त राग आला.

“तुम्ही वायरीकडे बघा, भाऊ.”

“वायरीकडे तं पाहूनच राह्यलो. पन भाऊ नका म्हनू.”

“का बरं?”

“सकाळपासून अख्खी शाळा भाऊ, भाऊ करून राह्यली. एका तरी मानसानं नावानं हाक माराव का नाई? चंद्रभान नाव हाय माहं.”

आता मात्र वर्ग खदखदून हसला. सुमतीने फळ्यावर डस्टर आपटलं. पण पाठ वळवल्यावर आपल्या ओठांची एक कड वर गेली आहे, हे तिच्या लक्षात आलं. किती दिवसांनी गेली होती, कोण जाणे.

घंटा झाल्यावर तो शिडी खांद्यावर घेऊन दाराशी थांबला. पस्तिशीचा असेल. उन्हाने रापलेला, दाढीत एक-दोन पांढरे केस, खाकी शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली.

“एक विचारू? बाजूच्या अडगळीत एक दिलरुबा पडला हाय. वायर पाहाले गेलतो मंघाशी. वाळवी लागून राह्यली त्याले. मी घरी नेला, साफ केला, तारा चढवून आणून देल्ला... तं चालन का?”

“तुम्ही दुरुस्त करता?”

“करतो. चौदा साज हायेत घरी.”

“चौदा!” सुमतीने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. “मग वाजवतही चांगलं असाल.”

“नाई बाप्पा.” त्याने आपला पंजा उघडून दाखवला. पकड धरून धरून बोटं लाकडासारखी टणक झाली होती. “मले वाजवता नाई येत. फक्त लावता येते.”

तीन आठवड्यांनी तो दिलरुबा घेऊन आला. घासूनपुसून, नव्या तारा चढवून. सुमतीच्या वडिलांनी तिला लहानपणी दिलरुबा शिकवला होता. तिने गज फिरवला. खर्जातला एकच सूर निघाला, लांब आणि स्वच्छ. चंद्रभान दारातच उभा होता. त्याने डोळे मिटले.

“असा आवाज होय का याचा?” तो हळूच म्हणाला. “मी तं रोज नुसता टिंग-टिंग करून पाहात होतो.”

मग जरा घुटमळून म्हणाला, “बाई, देवळीले येजा न एका रविवारी. घरचे चौदा साज राह्यले अजून. बरेचसे मी लावून ठेवले, पन वाजले नाई कधी. घरी माय हाय माही... एकटा नाई मी.”

हे शेवटचं वाक्य बोलताना त्याचे कान लाल झाले.

सुमती म्हणाली, “बघू.” म्हणजे नाही. रविवार हा तिचा कपडे धुण्याचा, दळण आणण्याचा आणि शिकवण्यांच्या आठवडाभराच्या वह्या तपासण्याचा दिवस होता. पण दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी, का ते तिलाही सांगता आलं नसतं, ती वह्या तशाच ठेवून देवळीच्या बसमध्ये बसली.

चंद्रभानचं घर गावाच्या कडेला होतं, पुढे कपाशीची पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली. मागच्या खोलीत आडव्या बांबूला साज टांगलेले. भेगाळलेल्या भोपळ्याची सतार. वेळूच्या दांड्यांच्या एकताऱ्या. एक सारंगी, कातडं बदललेली. दंडारीचं लोकनाट्य करणाऱ्या मंडळींकडून आणलेलं मेंडोलिन. सगळ्यांवर जुन्या धोतराचे स्वच्छ तुकडे पांघरलेले.

“कुठून जमवलं हे?”

“मी खेड्यापाड्यात लाईट घेऊन जातो न,” चंद्रभान सांगू लागला. “खांब गाडतो, घरात वायर नेतो. वायर न्याची म्हून माळ्यावर चढलो का तिथं एखादा साज दिसते. लाईट आली का रेडिओ येते. रेडिओ आला का भजनाचे लोकं घरी बसतात. मंग थो साज चुलीत जाते, नाईतं पोरं खेळतात. मले वाटते... माह्याच हातानं होते हे. म्हून मागून घेतो.”

“पागल हाय थो,” देवकाबाई, त्याची आई, चहाचे कप ठेवत म्हणाल्या. “लोकाइचे पोरं बायका आनतात. माहा पोरगा भोपळे आनते.”

“माय!”

“काय माय? खरं तेच सांगून राह्यले बाईले.”

सुमती हसू दाबायला खाली बघू लागली, तेव्हा तिला कोपऱ्यातली गिटार दिसली. काळपट तपकिरी, पाठीवर लांब चीर, मान थोडी वाकलेली.

“ती वर्ध्याच्या एका रेल्वे गार्डाची,” चंद्रभान म्हणाला. “म्हातारा गेला, घरचे कलकत्त्याले गेले, सामान इथंच इकलं. मान वाकली म्हून तारा लय वर राहातात. बोटानं दाबल्या नाई जात. कोनालेच नको होती.” त्याने ती उचलून आडवी, सुमतीच्या मांडीवर ठेवली. “पन अशी ठेवली तं? दाबाचं नाई. वरून नुसती कांडी फिरवाची. रेडिओवर हवाईन गिटार ऐकली असन तुमी.”

त्याने खिशातून बोटभर पोलादी कांडी काढली. जळलेल्या मोटारीच्या दांड्याचा तुकडा होता तो. त्याने घासून घासून आरशासारखा केला होता. किती दिवस घासला असेल? ती येणार की नाही हेही माहीत नसताना...

सुमतीने कांडी तारेवर टेकवली, उजव्या हाताने तार छेडली आणि डावा हात हळूच पुढे सरकवला. सूर षड्जावरून निघाला आणि न तुटता, न अडखळता, गंधारापर्यंत गेला. तिचा हात थांबला. तीन वर्षांपूर्वी, आवाज जायच्या आधी, तिच्या गळ्यातून असाच सूर निघायचा, एकसंध. मध्ये चीर नसलेला.

तिने पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. भीमपलासातली एक जुनी चीज, वडिलांनी शिकवलेली, ती शब्दांशिवाय त्या तारांवर गाऊ लागली. चुकत होती, कांडी घसरत होती. पण गात होती. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते तिला कळलं नाही. कळलं तेव्हा चंद्रभान तिच्याकडे पाठ करून, पुसलेलीच सतार पुन्हा पुसत बसला होता.

मग ती दर रविवारी जाऊ लागली. विमलाबाईंना सांगायची, “देवळीला शिकायला जाते.” हे खोटं नव्हतं. चंद्रभान तारा लावून द्यायचा, ती वाजवायची. कधी सारंगी, कधी मेंडोलिन, पण शेवटी गिटारच मांडीवर यायची.

“तुम्ही ऐकून ऐकून कंटाळत नाही?” तिने एकदा विचारलं.

“तुमी वाजवून वाजवून कंटाळता का?”

“शाळेत कंटाळते.”

“मंग इथं शाळा नाई न.” तो तारेचं वेटोळं सोडवत म्हणाला. “अन् मी काई ऐकतच असतो असं नाई.”

“मग काय करता?”

“पाहातो.”

“काय पाहता?”

“तार,” तो म्हणाला, आणि पुन्हा कान लाल झाले.

डिसेंबरातला एक रविवार मात्र सुमतीच्या मनात जन्मभर राहिला. चाचणीचे पेपर, स्नेहसंमेलनाची गाणी, आईचा ताप... तीन रात्री ती धड झोपली नव्हती. तशीच देवळीला आली. गिटारीच्या तारा बदलायच्या होत्या. चंद्रभान जुन्या तारा सोडवत होता, ती सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती. “पाचच मिनिटं डोळे मिटते,” ती म्हणाली.

जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप समोरच्या भिंतीवर चढली होती. अंगावर गोधडी होती. डोक्याखाली उशी होती. ती धडपडून उठली. चंद्रभान तिथेच बसला होता, गिटार मांडीवर. तारांच्या मधून त्याने एक मऊ फडकं ओवलं होतं, आणि त्या मुक्या केलेल्या तारा तो अगदी हळू, आवाज न करता, एकेक करून चढवत होता. दारात देवकाबाई बसल्या होत्या, गल्लीतल्या कोंबड्या हाकलत.

“किती वाजले?”

“साडेचार.”

“साडेचार! मी... चार तास झोपले? उठवलं का नाही मला?”

“काऊन उठवाव?” त्याला खरंच प्रश्न पडला होता. “तुमाले झोप आलती.”

एवढंच. तुमाले झोप आलती. सात वर्षांत कुणी तिला उठवलं नाही असा दिवस नव्हता. दूधवाल्याने, गजराने, आईच्या खोकल्याने, शिकवणीच्या पोरींनी. ती गोधडी हातात धरून तशीच बसून राहिली. हा माणूस आपल्याला आवडतो, असं तिच्या मनात आलं. मग तिने ते वाक्य मनातच दुरुस्त केलं. आवडतो नाही. ह्याच्याशिवाय आता जमणार नाही.

पण बोलली नाही. बोलायचं कसं? तो मॅट्रिक नापास, कुणब्याचा, शेतातल्या घरात राहणारा. ती मास्तरीण, वडील कारकून, नातेवाईक सगळे नागपूर-अमरावतीला कचेऱ्यांत. आणि तिच्या खांद्यावर आधीच इतकं होतं की त्यात आपलं स्वतःचं काही चढवायला जागा उरली नव्हती.

फेब्रुवारीत भैयाजीमामा आले. विमलाबाईंचे थोरले भाऊ. नागपूरचं स्थळ होतं. सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, चाळिशी उलटलेली, पहिली बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, दोन मुलं.

“नोकरी सोडावी लागेल,” मामा म्हणाले, “पण तुला तरी आता किती दिवस राबायचंय? माधवच्या उरलेल्या शिक्षणाकडे ते बघतो म्हणालेत.”

नोकरी सोडावी लागेल. मामांना ते सुमतीच्या जिवावर येईल असं वाटत होतं. तिला मात्र ते शब्द ऐकूनच अंग टाकून द्यावंसं वाटलं. घंटा नाही, सातवी ‘ब’ नाही, शिकवण्या नाहीत. “बघायला येऊ द्या,” ती म्हणाली.

त्या रविवारी ती देवळीला गेली ते हे सांगायलाच. पण तिच्याआधी चंद्रभानच बोलला.

“माही बदली झाली. तळेगावले. आर्वीच्या पलीकडल्या, शामजीपंताच्या.”

“कधी?”

“परवा हजर व्हाचं हाय.”

तिने कांडी खाली ठेवली. मग म्हणाली, “मला बघायला येणार आहेत. पुढच्या शनिवारी. नागपूरचे आहेत.”

चंद्रभानच्या हातातली पकड तशीच राहिली. “चांगले हायेत?”

“मामा म्हणतात, चांगले आहेत.”

“मंग आराम भेटन तुमाले,” तो म्हणाला. आवाज अगदी सरळ होता. सुमती वाट बघत राहिली. आता काही बोलेल... आता बोलेल. पण त्याने पकड पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून घरी आली तर खाटेवर गिटार होती, धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. सोबत कांडी. विमलाबाई म्हणाल्या, “तो तुझा देवळीचा वायरमन ठेवून गेला. म्हणाला, बाईंना सांगा, तारा महिन्याने पुसायच्या.”

सुमतीला इतका राग आला की तिने ती गिटार खाटेखाली ढकलली. लग्नात आहेर करावा तसा ठेवून गेला! दोन शब्द बोलायला जीभ झडली होती का?

शनिवारी नागपूरचे गृहस्थ आले. शांत, थकलेला चेहरा, डोळ्यांखाली काळं. चहापोहे झाल्यावर मामांनी दोघांना बाहेरच्या खोलीत बसवलं.

“मी खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. “घरात आई अंथरुणावर आहे. मुलं अजून सावरलेली नाहीत. मला संसार मांडायची हौस उरलेली नाही, पण घर चालवणारं माणूस हवंय. तुम्ही जबाबदारीच्या आहात असं ऐकलं. म्हणून आलो.”

सुमतीला त्या माणसाचा मुळीच राग आला नाही. आपणच आपल्यासमोर बसलो आहोत असं तिला वाटलं. दोन थकलेली माणसं एकमेकांना जू देत बसली होती.

“तुम्हाला काय हवंय?” त्यांनी विचारलं. सभ्यपणाने, विचारायचं म्हणून.

तिने तोंड उघडलं आणि उत्तर तयार होतं. ते इतकं तयार होतं की ती स्वतःच दचकली.

“मला नाही म्हणायचंय,” ती म्हणाली. “तुमच्यात काही कमी नाही. पण दुसरा एक माणूस आहे. त्याला अजून माहीत नाही.”

ते गृहस्थ पहिल्यांदाच हसले. “मग त्याला लवकर सांगा. अशा गोष्टी राहून जातात.”

मामा तणतणत निघून गेले. विमलाबाई संध्याकाळपर्यंत गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. दिवेलागणीला म्हणाल्या, “तो वायरमन आला होता ना त्या दिवशी... बस म्हटलं तर बसला नाही. पाणी घे म्हटलं, घेतलं नाही. सारखा दाराजवळच्या चपलांकडे बघत होता. तुझी चप्पल आहे का ते.”

सुमतीने चमकून पाहिलं.

“गुडघे गेलेत माझे,” विमलाबाई म्हणाल्या, “डोळे नाही.” मग बराच वेळ तेलाची वाटी फिरवत राहिल्या. “आपल्या जातीचा नाही. लोक बोलतील. मलाही सोपं जाणार नाही, सुमे. पण नागपूरला जाऊन तू आणखी एक म्हातारी उठवत-बसवत राहशील, हे मला त्याहून जड गेलं असतं. उद्या रविवार आहे. आर्वीची पहिली गाडी सहाला सुटते.”

आर्वीला गाडी बदलून ती तळेगावला उतरली तेव्हा दहा वाजायला आले होते. चंद्रभानची खोली शोधावी लागली नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलातल्या बाकावर तो बसला होता, समोर थंड झालेला चहा. तिला पाहून उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

“बाई... तुमी इथी?”

“रविवार आहे ना आज.”

“घरी सगळं...? आईले बरं हाय न?”

“आई बरी आहे. बसा.” ती समोर बसली. धुळीने केस पांढरे झाले होते, पाठ दुखत होती. बसमध्ये चार वेळा म्हणून पाहिलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. “मी नागपूरच्या स्थळाला नाही म्हटलं.”

“काऊन?” तो घाबरून म्हणाला.

“तुमच्यामुळे.”

हॉटेलवाल्याने भज्यांचा झारा कढईवर आपटला. चंद्रभान टेबलाच्या लाकडावर नखाने रेघ ओढत राहिला.

“मी तुम्हाला सांगून टाकते,” सुमती म्हणाली. तिचा चिरलेला आवाज आणखीच चिरला. “तुम्ही काही बोलणार नाही हे मला कळलंय. मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. माधवचं अजून एक वर्ष आहे, तोवर मला नोकरी सोडता येणार नाही. नंतरही मी सोडेन की नाही, माहीत नाही. आई माझ्यासोबत राहील. लोक बोलतील. हे सगळं आहे. आता तुम्ही बोला.”

“तुमी आधीच एवढ्या थकल्या हा,” तो म्हणाला. “रोज पाहात होतो मी. त्यात मी अजून एक वझं कशाले होऊ? म्हून नाई बोललो. त्याइच्या घरी तुमाले आराम असता...”

“माझा आराम तुम्ही ठरवणार का?” ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या बाकावरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं. “दमलेय मी, चंद्रभानजी. मेले नाहीये. मलाही काही हवंसं वाटतं.”

त्याचे डोळे भरून आले. त्याने तिच्यासाठी चहा सांगितला. भजी सांगितली. तिने खाल्ली. मग त्याने तिला गाव दाखवलं, बाजार, नवे खांब, नवी लाईट लागलेली गल्ली. उन्हातून ती शेजारी चालत राहिली आणि तो खांबांबद्दलच बोलत राहिला. दुपारी दोनची आर्वीची गाडी लागली. सुमती गाडीकडे निघाली. आली होती तशीच चालली होती. निदान विचारलं तरी, तिने स्वतःला समजावलं. निदान राहून नाही गेलं.

ती खिडकीशी बसली. तो खाली उभा होता, हात खिडकीच्या गजावर. कंडक्टरने दोनदा घंटी मारली. गाडी घरघरली आणि हलली. तेवढ्यात त्याचा चेहरा बदलला, त्याने काहीतरी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात तिला एक अक्षर ऐकू आलं नाही.

“थांबवा!” सुमती ओरडली. “गाडी थांबवा हो!”

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. गाडी गचके खात थांबली. धुळीतून चंद्रभान धावत आला.

“काय म्हणालात?”

“काई नाई... म्हटलं...” गाडीतली चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. मागच्या खिडकीतून तीन डोकी बाहेर आली होती. “इथी नाई सांगता येत, बाई.”

“इथेच सांगा. नाहीतर गाडी हलणार नाही.”

“ओ भाऊ, सांगा न पटकन,” कंडक्टर म्हणाला, “आर्वीले टाइमावर पोचाचं हाय मले.”

चंद्रभानने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. मग अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाला, “म्हटलं, एक वरीस काय, दहा वरीस थांबतो! मले तुमीच पायजे. पहिल्या दिवसापासून पायजे!”

गाडीत एकच हशा उसळला. कुणीतरी टाळी वाजवली.

“आता कसं,” कंडक्टर म्हणाला. “बाई, उतरता का बसता?”

सुमतीने गजातून हात बाहेर काढला. त्या लाकडासारख्या टणक बोटांनी तो पकडला, सगळ्यांदेखत, आणि बराच वेळ सोडला नाही.

“बसते,” ती म्हणाली. “आईला सांगायचंय. तुम्ही पुढच्या रविवारी देवकाबाईंना घेऊन या. मागणी घालायला या रीतसर.”

“येतो.”

“नक्की?”

“अवो, आता तं सगळा तळेगाव साक्षीले हाय!”

घंटी झाली. गाडी निघाली. तो लहान होत होत धुळीत मिसळला, तरी ती मागे बघत राहिली. शेजारी गाठोडं घेऊन एक म्हातारी बसली होती. तिने कोपराने ढोसलं.

“कोन होय वं थो तुहा?”

“नवरा,” सुमती म्हणाली, आणि जीभ चावली. “म्हणजे... होणार आहे.”

“मंग रडून काऊन राह्यली?”

सुमतीने पदराने डोळे पुसले. पुसले तरी पाणी येतच होतं, आणि त्यातच तिला हसूही येत होतं.

“दमले हो, आजी.”

म्हातारीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग पायाशी धरलेलं गाठोडं उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं, आणि सरकून जागा केली.

“पाय लांब कर बाई,” ती म्हणाली. “आर्वी लय दूर हाय अजून.”